गरम गाडी स्टार्ट होत नाही? बॅटरी बदलायच्या आधी या चुका टाळा

सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी दुपारी दहा मिनिटं बंद केली की नुसती घुर्र घुर्र करत राहते, पकडतच नाही. मे महिना आला की आमच्या चेंबूरच्या सोसायटीत कोणी ना कोणी ही तक्रार घेऊन येतंच, आणि बहुतेकांनी तोपर्यंत नवी बॅटरी टाकलेली असते. अरे, आधी कान देऊन ऐका ना! बॅटरी कमजोर असेल तर सेल्फच मंद फिरतो. सेल्फ रोजच्या जोरात फिरतोय आणि तरी इंजिन घेत नाहीये तर बॅटरी बदलून काहीही होणार नाही, कितीही महाग आणा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अशी गाडी थंड करून गॅरेजला देणं. रात्री सोडली, सकाळी मेकॅनिकने चावी फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू. आता तो बिचारा काय शोधणार? मग अंदाजाने प्लग बदल, फिल्टर बदल, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) साफ कर असं सुरू होतं. हा आजार गरम असतानाच दिसतो, म्हणून गाडी तासभर चालवून थेट गॅरेजच्या दारात बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं आणि मेकॅनिकच्या समोर सेल्फ मारायचा. वेळ जातो, मान्य आहे, पण त्याशिवाय निदान होत नाही आणि ज्यांना एवढा धीर नाही तेच सगळ्यात जास्त पैसे घालवतात.

आमच्या शेजारच्या काकांची गाडी घ्या. वर्षभरात बॅटरी नवी, प्लग नवे, टाकीतला फ्युएल पंपसुद्धा नवा, आणि तरी सायनला भर ट्रॅफिकमध्ये बंद पडलेली, मागून हॉर्न चालू. मी त्यांना म्हटलं, काका, आता काही बदलू नका, फक्त प्रत्येक वेळी लिहून ठेवा, कुठे झालं आणि त्याआधी काय केलं होतं. दोन महिन्यांत चार वेळा झालं आणि चारही वेळा त्याआधी पंपावर टाकी फुल केलेली! काकांची सवय अशी की नोझल कट झालं तरी पंपवाल्याला सांगणार, राउंड फिगर कर. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या एका डब्यात साठते आणि तिथून पर्ज व्हॉल्व्हमधून हळूहळू इंजिनकडे जाते. टाकी गळ्यापर्यंत भरली की त्या डब्यात वाफेऐवजी पेट्रोलच जायला लागतं. त्यात व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला तर बंद गाडीत ती वाफ इंजिनमध्ये शिरते आणि पुढच्या सेल्फला हवेच्या मानाने पेट्रोल इतकं जास्त होतं की मिश्रण आग धरत नाही. इंजिन थंड झाल्यावर बोनेट उघडून मी तो व्हॉल्व्ह काढला, अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्याला स्वच्छ नळीचा तुकडा लावून फुंकलं (फुंकायचं, ओढायचं नाही). करंट नसताना हवा अडायला हवी, इथे सरळ आरपार गेली. व्हॉल्व्ह बदलला, राउंड फिगर बंद केली, त्यानंतर आजतागायत काकांची गाडी कुठे अडकलेली नाही.

अशा वेळी मी दोनच गोष्टी करून बघतो. आधी सेल्फ न मारता इग्निशन ऑन करायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, ऑफ, परत ऑन, असं तीनदा, मग सेल्फ. दर ऑनला टाकीतला पंप क्षणभर चालून पेट्रोलच्या लाइनमध्ये प्रेशर भरतो. सुरू झाली तर लाइनमधलं प्रेशर उतरतंय, कारण इंजिन बंद झालं की कूलंट फिरायचं थांबतं, बोनेटखाली उष्णता कोंडते आणि प्रेशर नसलेलं पेट्रोल पाइपातच वाफ होतं. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशालाच उकळायला लागतात, इंजिन तर ९० अंशांच्या आसपास असतं. याने नाही झालं तर रेसचा पेडल तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत असं केलं की पेट्रोल बंद होऊन नुसती हवा जाते. याने सुरू झाली तर पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे गळका इंजेक्टर, तो पर्ज व्हॉल्व्ह किंवा कूलंटचा सेन्सर, जो गरम इंजिनला थंड समजून जास्त पेट्रोल मागतो. पेडल पंप करत बसू नका, ती इंजेक्शनच्या आधीच्या, कार्बोरेटरच्या गाड्यांची सवय आहे.

ओलं फडकं टाकायची सवयही तशीच जुनी. काळीपिवळी पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच लावलेला असायचा, म्हणून टॅक्सीवाले त्याच्यावर ओलं फडकं टाकायचे आणि ते बरोबरच होतं. आताचा पंप टाकीत असतो, बोनेटखाली फडकं टाकून काय गार करणार? आणि तापलेल्या इंजिनवर बाटली ओतणं तर अजिबात नको, धातूला तडा जाऊ शकतो.

सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा शून्यावरून जरासुद्धा हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय का ते कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्या. तो गरम झाला की मरतो आणि वीस मिनिटांनी काही झालंच नाही असा चालू होतो.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

धक्का मारून सुरू करू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा भाग) जाऊन तो खराब होतो.

सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकी रिझर्व्हवर ठेवून महिनोन् महिने फिरू नये. बहुतेक गाड्या स्टार्ट पेट्रोलवरच होतात, आणि टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो.

आणि गरम असताना सेल्फच मंद फिरत असेल तर बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर आधी बघा. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तिच्या टोकाला हिरवी-पांढरी पावडर जमते. बोल्ट काढून सँडपेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि मगच सेल्फ मोटर खोलायला द्या.