सफरचंदाच्या पानावरचे रोग ओळखताना मी काय बघते

परसातल्या सफरचंदाच्या पानांवर डाग दिसला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कोणतं औषध मारू? झाडांच्या रोगांचं काम करताना मला एक सवय लागली. ती नव्यांनीही लावून घ्यावी असं मनापासून वाटतं. डागाचा रंग शेवटी बघायचा. आधी पान उलटायचं, मग ते झाडावर नेमकं कुठे होतं ते बघायचं, आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत पाऊस कधी पडला ते आठवायचं.

स्कॅब या बुरशीच्या रोगाचंच घ्या. वसंतात कोवळं पान उलगडताना त्याची खालची बाजू आधी उघडी पडते, म्हणून पहिले डाग पुष्कळदा तिथेच सापडतात. डाग हिरवट-काळपट आणि मखमली असतो. टीपकागदावर शाई फुटावी तशा त्याच्या कडा अस्पष्ट असतात. साधारण 20 अंश तापमानात पानं सहा ते नऊ तास ओली राहिली की लागण होते, पण डाग दिसायला पुढे नऊ ते सतरा दिवस जातात. म्हणजे आज दिसणारा डाग मागच्या एखाद्या पावसाचा असतो. ही बुरशी हिवाळा काढते गळलेल्या पानांत, त्यामुळे ती पानं झाडून उचलणं हा निम्मा उपाय आहे.

भुरी या बुरशीच्या रोगाला मात्र ओलं पान चालत नाही, दमट हवा पुरते. शेंड्याची पानं अरुंद होऊन लांबीत दुमडतात आणि त्यांच्यावर पांढरी पूड दिसते. ही बुरशी कळ्यांमध्ये दडून राहते, म्हणून पांढरे पडलेले शेंडे छाटावेत.

तांबेरा ओळखायला सोपा. पानावर झगझगीत नारिंगी ठिपका, मधे बारीक काळे कण आणि काही आठवड्यांनी खालून फुटणाऱ्या छोट्या नळ्या. तो सफरचंदाकडून सफरचंदाकडे पसरत नाही, ज्युनिपर या सूचिपर्णी झाडावरून येतो. जवळपास ज्युनिपर आहे का, ते शोधा.

फ्रॉगआय या बुरशीच्या रोगाचे गोल तपकिरी ठिपके जांभळ्या कडेचे असतात. ते दिसले की मान वर करा. पुष्कळदा बरोबर वर एखादं वाळून काळं पडलेलं फळ किंवा मेलेली डहाळी असते आणि पावसाच्या पाण्याबरोबर बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म बीजकण) तिथूनच खालच्या पानांवर उतरतात. तेवढं काढून टाकलं की बराच फरक पडतो.

शेंडा आकड्यासारखा वाकून काळा पडला आणि पानं न गळता तशीच लटकत राहिली, तर थांबू नका. तो फायर ब्लाइट, जिवाणूंचा रोग. कोरड्या दिवशी, रोगट भागाच्या 20 ते 30 सेंटिमीटर खाली काप घ्या आणि प्रत्येक कापानंतर कात्री निर्जंतुक करा.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर तो बहुधा रोगच नसतो, लोहाची कमतरता असते. तिथे बुरशीनाशकाचा उपयोग नाही. आधी मातीचा सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी) तपासून घ्या.