सेकंडहँड कोर्ग क्रोनॉस घेताय? आधी हे बघून घ्या

क्रोनॉस हा कोर्ग कंपनीचा सिंथेसायझर कीबोर्ड 2011 साली आला, आणि आजही त्याचा पियानो नि इलेक्ट्रिक पियानो वाजवला की मन भरतं, शिवाय आत 9 वेगवेगळी साउंड इंजिनं (आवाज तयार करायच्या पद्धती), म्हणजे हॅमंड ऑर्गनपासून एफएम सिंथेसिसच्या (एका लहरीने दुसरी बदलून केलेल्या) आवाजांपर्यंत सगळं एकाच बोर्डात मिळतं. विकणाऱ्याला सांगा, बंद करून तुमच्यासमोर परत चालू कर. सुरू व्हायला दोनेक मिनिटं लागतात, आत अख्खा कॉम्प्युटरच आहे ना, त्यामुळे घाबरू नका, पण शोमध्ये लाईट गेली तर तेवढा वेळ गप्प बसावं लागतं म्हणून छोटा यूपीएस जवळ ठेवाच. मग टचस्क्रीन चारही कोपऱ्यांत दाबून बघा, प्रत्येक की हळू आणि जोरात वाजवा.

स्टेजवर सेट लिस्ट मोडच वापरा, गाण्यांच्या क्रमाने साउंड लावून ठेवायचे, पुढचा दाबला तरी आधीचा सूर तुटत नाही, हे फार भारी आहे! सिक्वेन्सर, म्हणजे कीबोर्डवरच गाणं रेकॉर्ड करायची सोय, मात्र किचकट वाटतो, मेनूत मेनू. आणि त्यात केलेलं गाणं डिस्कवर सेव्ह न करता बंद केलं तर गेलंच समजा. 88 कीवाला जड आहे हां, रोज एकट्याने न्यायचा असेल तर 61 बघा.