विक्रमी वेळेवरून स्वतःचं लक्ष्य ठरवताय? या चुका टाळा

आयर्नमॅन अंतराचं ट्रायथलॉन म्हणजे सलग ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं. अंतर सगळीकडे तेच, म्हणून नवशिके सगळ्या वेळा एकाच यादीत कोंबतात. तसं करू नका. नॉर्वेच्या क्रिस्टियन ब्लुमेनफेल्टने २०२१ मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलला ७:२१:१२ वेळ दिली, त्यात पोहणं ३९:४१ मिनिटांचं. म्हणजे दर १०० मीटरला जेमतेम ६३ सेकंद! तिथे प्रवाह पाठीशी होता. त्याच्या ६:४४:२५ला तर विक्रम म्हणूच नका. २०२२ला जर्मनीतल्या लाउझित्सरिंगच्या मोटर-रेसिंग ट्रॅकवर पेसर्सच्या, म्हणजे पुढे राहून वेग आणि वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या साथीदारांच्या, मदतीने झालेला तो प्रयोग होता.

मार्ग काय करतो ते फ्रान्सच्या सॅम लेडलोकडे बघून कळतं. २०२२ला हवाईतल्या कोनामध्ये जागतिक स्पर्धेत ७:४२:२४ देऊन तो दुसरा आला. पुढच्या वर्षी हीच स्पर्धा फ्रान्समधल्या नीसला झाली; तिथल्या डोंगराळ रस्त्यांवर ८:०६:२२ लागले आणि तो जगज्जेता झाला.

दुसरी चूक मला जास्त छळते: विक्रमवीराचे स्प्लिट (पोहणं, सायकल, धावणं यांच्या वेगवेगळ्या वेळा) घेऊन त्याच प्रमाणात स्वतःची वेळ वाटून घेणं. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने हेच केलं. सायकलचा ठरलेला सरासरी वेग गाठायचा म्हणून पहिल्या तासापासून पॉवर मीटरवर (पेडलवर किती जोर लागतो ते दाखवणारं यंत्र) ठरल्यापेक्षा वरचे आकडे. वेळ जातो म्हणून ऊर्जेसाठी खायचे जेलही टाळले. सायकल त्याच्या मनासारखी झाली. धावायला उतरला आणि थोड्याच वेळात पोट बंद, पाण्याचा घोटही टिकेना. उरलेली मॅरेथॉन तो चालत होता, आणि सायकलवर कमावलेली मिनिटं पहिल्या काही किलोमीटरमध्येच संपली होती.

तेव्हापासून मी शिकणाऱ्यांच्या सायकल कॉम्प्युटरवरचा सरासरी वेग चिकटपट्टीने झाकते. पॉवर आणि हृदयगती दिसली की पुरे. खाण्यासाठी दर वीस मिनिटांनी अलार्म, भूक असो वा नसो. सुरुवातीला मागचे पुढे जातात, जाऊ द्या. जर्मनीच्या अ‍ॅन हॉगने २०२४ला तिथल्याच रोथच्या शर्यतीत ८:०२:३८ नोंदवली, त्यात मॅरेथॉन २:३८:५२ची होती. पाय शिल्लक ठेवल्याशिवाय असं धावता येत नाही.

ट्रान्झिशनची, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जातानाची, मिनिटंही एकूण वेळेत धरली जातात. कपडे-बूट बदलण्याचा सराव करा.

ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या मागे चालवून मिळालेला वेग शर्यतीसाठी धरू नका. तिथे असं मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेण्याला (ड्राफ्टिंगला) दंड आहे.

महागडी चाकं घ्यायची घाई नको. आधी बाइक फिट, म्हणजे सायकल आपल्या शरीराच्या मापाला जुळवून, करून घ्या. त्या बैठकीत पाच तास पाठ टिकते का, ते लांबच्या राइडला तपासा.