जुने कार पॉलिश वापरण्यापूर्वी ते कसे पारखावे

एके काळी प्रत्येक डिटेलरच्या (गाड्या बारकाईने स्वच्छ करून चमकवणाऱ्या व्यावसायिकाच्या) टेबलावर दिसणारे पॉलिश काही वर्षांनी कोणी विचारत नाही, तेव्हा त्याचा दर्जा घसरला असावा असा समज सहज होतो. बहुतेक वेळा बाटलीतील द्रव तोच असतो. बदललेले असतात गाडीचे रंगलेप, पॉलिश करण्याची यंत्रे, पॅड आणि पॉलिशनंतर वर चढवायचे संरक्षक थर. म्हणून जुनी बाटली वापरायची की नाही, हे तिच्या कीर्तीवरून किंवा बदनामीवरून न ठरवता आपल्या गाडीच्या रंगावर तपासून ठरवावे.

प्रथम रंग ओळखावा

१९८० च्या दशकापासून गाड्यांवर रंगाच्या थरावर पारदर्शक क्लिअरकोट देण्याची पद्धत सर्वत्र रुळली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांवर एकथरी रंग असे, म्हणजे रंगद्रव्य आणि चमक एकाच थरात. त्या काळातील रबिंग कंपाउंड, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढणारे जोरकस पॉलिश, जाडसर कणांचे असे आणि लोकरीच्या पॅडने किंवा हाताने घासण्यासाठी बनवलेले असे. एकथरी रंगाचा करपलेला वरचा पापुद्रा काढून टाकणे हेच तेव्हाचे मुख्य काम असल्यामुळे हा जाडसरपणा गुण ठरत होता. तेच कंपाउंड क्लिअरकोटवर घासले की पारदर्शक थरात बारीक ओरखडे उठतात, आणि गडद रंगाच्या गाडीवर ते उन्हात जाळ्यासारखे दिसतात.

रंग कोणत्या प्रकारचा आहे हे पाहण्यासाठी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडे पॉलिश कापडाने घासावे. कापडावर गाडीचा रंग उतरला, तर रंग एकथरी आहे. पांढऱ्या गाडीसाठी गडद कापड घ्यावे, नाहीतर उतरलेला रंग दिसणारच नाही. रंग एकथरी निघाला, तर जुन्या बाटलीला कमी लेखू नये. तेलाचे प्रमाण भरपूर असलेली जुनी ग्लेझ, म्हणजे तकाकी आणणारे लेप, अशा कोरड्या पडलेल्या रंगावर आजही उत्तम काम करतात. मेग्वायर्स या कंपनीचे ७ क्रमांकाचे ग्लेझ जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांमध्ये अजून टिकून आहे ते याच कारणाने.

रंग क्लिअरकोटचा असेल, तर किती थर उरला आहे हे पाहणे आवश्यक आहे. कारखान्यातील रंगाची एकूण जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यातील क्लिअरकोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. जाडी मोजणारे साधे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते, एकट्या क्लिअरकोटची नाही. त्यामुळे आकडा समाधानकारक दिसला तरी हात राखूनच काम करावे. अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणारे घटकही याच पातळ थरात असतात, हे जोरकस कंपाउंड हाती घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

बाटली तपासावी

बाटली हलवून पाहावी. तळाशी बसलेला साका चांगला हलवूनही मिसळत नसेल, कणांच्या गुठळ्या जाणवत असतील किंवा द्रव चिकट झाला असेल, तर ती टाकून द्यावी. एखादी गुठळीही पॅडखाली सापडली तर खोल ओरखडा काढते. नाव तेच असलेली नवी बाटली जुन्यासारखी चालेल असेही गृहीत धरू नये. बाष्पनशील द्रावकांवर कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी मर्यादा आल्यानंतर अनेक उत्पादनांची घडण बदलली. द्रावक बदलला की पॉलिश किती वेळ ओले राहते, हेही बदलते. काही जुन्या पॉलिशांविषयीची नाराजी खरे तर त्यांच्या बदललेल्या घडणीविषयी असते.

कणांचा प्रकार आणि यंत्र यांची जोडी पाहावी

बऱ्याच जुन्या कंपाउंडांमधील कण घासताना तुटत जाऊन बारीक होतात. सुरुवातीला ते कापतात आणि शेवटी चमक आणतात, पण त्यासाठी पुरेसा दाब, वेग आणि उष्णता लागते. एकाच अक्षाभोवती फिरणाऱ्या रोटरी यंत्रावर हे जमत असे. पुढे फिरता फिरता डोलणारी ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रे लोकप्रिय झाली, कारण त्यांनी रंग जळण्याचा धोका कमी झाला. मात्र या सौम्य हालचालीत जुने कण पूर्ण तुटत नाहीत आणि मागे धुरकट थर राहतो. दोष यंत्राचा नव्हता आणि पॉलिशचाही नव्हता, तरी बाजूला पडले ते पॉलिश.

त्यानंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत आकार टिकवणारे अतिसूक्ष्म कण आले. मेग्वायर्सचे १०५ क्रमांकाचे कंपाउंड हे त्यातील गाजलेले नाव. त्याची कापण्याची क्षमता जबर होती, पण ते लवकर सुकत असे आणि धूळही बरीच उडवत असे. तेवढेच कापणारी, अधिक वेळ ओली राहणारी आणि कमी धूळ करणारी कंपाउंडे मिळू लागल्यावर दिवसभर गाड्या घासणाऱ्यांनी तिकडे वळणे स्वाभाविक होते. घरी एखादी गाडी करणाऱ्याला धुळीचा एवढा त्रास होत नाही, म्हणून व्यावसायिकांनी सोडलेले प्रत्येक उत्पादन त्याने सोडलेच पाहिजे असे नाही.

लहान भागावर चाचणी घ्यावी

गाडी धुऊन, क्ले बारने (मातीसारख्या मऊ वडीने) चिकटलेले कण काढून, सावलीत थंड झालेल्या बॉनेटवर प्रत्येक बाजू सुमारे ४५ सेंटिमीटर असलेला चौकोनी भाग चिकटपट्टीने आखून घ्यावा. कडा आणि उंचवटे टाळावेत, कारण तिथे रंग सर्वांत पातळ असतो. सुरुवात नेहमी मऊ फोमच्या पॅडने करावी. पॅडवर चार-पाच थेंब घेऊन ते मंद गतीने पसरावेत, मग गती वाढवून आडव्या-उभ्या चार ते सहा फेऱ्या सावकाश घ्याव्यात. ओरखडे गेले नाहीत, तर लगेच कंपाउंड बदलण्याऐवजी आधी पॅड बदलून पाहावा. आकार टिकवणाऱ्या कणांचे कापणे मोठ्या प्रमाणात पॅडवरच ठरते.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घाईत हमखास वगळला जातो. अनेक जुन्या पॉलिशांमध्ये तेल, मेण किंवा सिलिकोन असे, आणि हे घटक ओरखड्यांच्या खाचा भरून काढत. ओरखडे जात नसत, फक्त दिसेनासे होत. विक्रीसाठी गाडी चमकवायची असेल तेव्हा हा गुण सोयीचा वाटे. त्यामुळे चाचणीचा चौकोन मधोमध विभागून एक अर्धा तसाच ठेवावा आणि दुसरा अर्धा पाण्यात साधारण १५ ते २० टक्के मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मायक्रोफायबर कापडावर घेऊन पुसावा. नुकत्याच रंगवलेल्या भागावर मात्र अल्कोहोल वापरू नये. आता एकाच बिंदूतून येणारा प्रखर दिवा वेगवेगळ्या कोनांतून धरून दोन्ही अर्ध्यांची तुलना करावी. पुसलेल्या बाजूला ओरखडे परत दिसू लागले, तर पॉलिशने ते केवळ झाकले होते. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ही तुलना फसते. रोटरीने उठणाऱ्या होलोग्रामसारख्या रेषा पूर्वी ग्राहकाच्या नजरेतून सुटत. डिटेलिंगच्या जागी प्रखर एलईडी दिवे आल्यावर त्या लपेनाशा झाल्या, आणि काही जुन्या पॉलिशांची कीर्ती तिथेच ओसरली.

वर काय चढवणार, यावरून निर्णय घ्यावा

कार्नोबा मेणाच्या काळात पॉलिशमधील तेल मागे राहिले तरी फारसे बिघडत नसे. सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगाला घट्ट धरून राहणाऱ्या कठीण संरक्षक थराचे, तसे नाही. ते स्वच्छ क्लिअरकोटलाच नीट धरते. खाली तेलाचा थर राहिला तर ठिकठिकाणी सुटते किंवा डाग दाखवते. पॉलिश आणि मेण एकाच बाटलीत देणारी उत्पादने व्यावसायिकांकडून मागे पडण्याचे एक मोठे कारण हेच आहे. गाडीचा एखादा भाग पुढे पुन्हा रंगवायचा असेल, तर सिलिकोन असलेले पॉलिश कटाक्षाने टाळावे, कारण त्याचा अंश उरल्यास नव्या रंगात खड्ड्यांसारखी वर्तुळे उमटतात.

उलट गाडी रोजच्या वापराची असेल आणि दर काही महिन्यांनी मेण लावायचे एवढीच अपेक्षा असेल, तर चाचणीत उतरलेली जुनी बाटली बिनधास्त वापरावी. वापरण्यापूर्वी दारांवरील काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावावी, कारण जुन्या पॉलिशचा पांढरा डाग त्यांच्या खडबडीत पृष्ठभागात शिरला की सहज निघत नाही. चाचणीत कोणता पॅड आणि कोणती गती चालली हे बाटलीवरच लिहून ठेवावे. दोन-तीन वेळा गाडी धुतल्यानंतर तोच चौकोन पुन्हा दिव्याखाली पाहावा आणि तेव्हाही ओरखडे परतलेले नसतील, तरच उरलेली गाडी त्या पॉलिशने करावी.