पहिला रिबिल्डेबल टँक: काच नंतर बघा, आधी डेक

रिबिल्डेबल टँक म्हणजे ई-सिगारेटचा वरचा भाग, ज्यात लिक्विड तापवून वाफ करणारी तारेची कॉइल आपण स्वतः बसवतो. तो घेण्याबद्दल लिहायचंय, पण एक गोष्ट आधीच सांगून मोकळा होतो. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, बाहेरून आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळं बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही; नुसतं साठवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तेव्हा बडोद्यात अलकापुरीत कोणी काउंटरखालून डबी काढून दाखवली तर हात जोडा आणि पुढे चला. हे लिहितोय ते आपल्या बडोद्याची जी मुलं इंग्लंडात आहेत, अठराच्या वर आहेत आणि आधीच सिगारेट ओढतात, त्यांच्यासाठी. तिथे ही वस्तू दुकानात उघड मिळते. जो ओढतच नाही त्याने या भानगडीत पडू नये. सिगारेटपेक्षा नुकसान कमी असं तिकडची सरकारी आरोग्यसेवा म्हणते. नुकसान नाही, असं तीही म्हणत नाही.

मी स्वतः ओढत नाही. दांडिया बाजारात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. भाचा लेस्टरला नोकरीला. फतेहगंजच्या पानाच्या गल्ल्यावर कॉलेजात लागलेली सिगारेट तिकडे गेल्यावर डिस्पोजेबल व्हेपवर आली. १ जून २०२५पासून तिथे एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली, तेव्हा याला रिबिल्डेबलची हुक्की आली. म्हणाला, "मामा, तू जन्मभर कॉइलच गुंडाळतोयस, मला एवढी छोटी जमणार नाही का?" आम्ही दोघं त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याचे टँक उघडून बसवून बघितले. चवीचं त्याला विचारा, विजेचं मला.

आधी हे ठरवा की तुम्हाला रिबिल्डेबल हवाच आहे का. साध्या टँकमध्ये तयार कॉइल येते. जळली की फेकायची, नवी फिरवून बसवायची. एकीला दोन-तीन पौंड पडतात. रिबिल्डेबलमध्ये तार तुम्ही गुंडाळता, लिक्विड शोषून कॉइलला पोचवणारा कापूस तुम्ही घालता, आणि एक कॉइल काही पेन्समध्ये होते. पण ज्याला डिसमिस हातात घ्यायचा कंटाळा, तिकडे त्याला स्क्रूड्रायव्हर म्हणा, त्याने पैसे वाचतील म्हणून घेऊ नये. दर आठ-दहा दिवसांनी कापूस बदलावा लागतो, आणि सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत तो नेमका जळतो. भाच्याच्या बायकोचं मत विचाराल तर ती टेबलावरच्या कापसाच्या बोळ्यांपासून सुरुवात करेल.

घ्यायचंच ठरलं तर नवशिक्याने आरटीए घ्यावा, म्हणजे काचेची टाकी असलेला. आरडीए नावाचा प्रकार असतो, त्यात टाकी नसते, थेंब थेंब लिक्विड टाकत बसायचं. शिकायला तो सोपा असं सांगणारे भेटतील, आणि कॉइल शिकण्यापुरतं ते खरंही आहे, पण बसस्टॉपवर उभं राहून थेंब टाकणारा माणूस चार दिवसांत पुन्हा सिगारेटचं पाकीट घेतो.

मग ओढायची पद्धत. सिगारेटवाला धूर आधी तोंडात घेतो, मग छातीत. याला दुकानात एमटीएल म्हणतात. दुसरी पद्धत हुक्क्यासारखी थेट छातीत, तिला डीएल. पहिलीला अंदाजे १ ओहमची कॉइल आणि १० ते १५ वॅट पुरतात. दुसरीला अर्धा ओहम किंवा त्याहून कमी, आणि ४० वॅटच्या आसपास, कधी जास्त. सिगारेट सोडायला निघालेल्याने एमटीएलच घ्यावा. ढग मोठा निघतो म्हणून डीएल घेणाऱ्याचं लिक्विड आणि बॅटरी दोन्ही पाण्यासारखी जातात. शिवाय कॉइल एकच असलेला टँक बघा. दोन कॉइलच्या टँकमध्ये दोन्ही हुबेहूब सारख्या लागतात; एक सैल राहिली की दुसरी एकटीच तापते. पहिल्यांदा एकच नीट जमू दे.

आता डेक. यावर जरा थांबतो, कारण दुकानात सगळे काचेचा रंग, नक्षी, टाकी केवढी हे बघतात. टाकी केवढी याला तिथे फारसा अर्थ नाही. कायद्याने २ मिलीपेक्षा मोठी विकताच येत नाही. टँक उघडला की तळाला जी गोल धातूची बैठक दिसते तो डेक. तिच्यावर तार पकडायच्या दोन जागा. एक बॅटरीच्या प्लसला जाते, दुसरी टँकच्या अंगालाच जोडलेली, ती मायनस. प्लसच्या खांबाखाली बदामी रंगाचं इन्सुलेटर दिसेल. ते बोटाने हलवून बघा. खांब डुगडुगला तर तो टँक ठेवून द्या, कारण उद्या स्क्रू आवळताना खांबच फिरणार आणि रीडिंग रोज वेगळं येणार.

मग स्क्रू. डोकं मोठं असावं, खाच खोल असावी. काही टँकांत डाळीच्या दाण्याहून बारीक षटकोनी खाचेचे स्क्रू असतात. सोबतची किल्ली चार वेळा फिरवली की कडा गुळगुळीत. साधा चपटा नाहीतर फिलिप्सचा स्क्रू नवशिक्याला बरा. डब्यात जादा स्क्रू, जादा ओ-रिंगा आणि जादा काच आहे का हे विचारा. काच फुटणारच आहे.

तिसरं, तार आत कशी जाते. चांगल्या डेकवर तारेचं टोक बाजूने सरळ सरकवता येतं आणि स्क्रूच्या डोक्याखाली आपोआप बसतं. स्क्रू उजवीकडे आवळताना तार आत ओढली गेली पाहिजे. बाहेर ढकलली जात असेल तर तुम्ही तीनदा आवळाल आणि तीनदा कॉइल वाकडी होईल. यासाठी दोन्ही टोकं कुठल्या बाजूला निघायला हवीत ते डेक बघूनच ठरतं, म्हणून गुंडाळायच्या आधी डेक समोर ठेवा. आणि आवळल्यावर उरलेलं टोक अगदी मुळाशी कापा. प्लसच्या बाजूचं टोक अर्धा मिलिमीटर जरी बाहेर राहिलं तरी वरची टोपी बसवताना तिला टेकतं, आणि टोपी मायनस आहे. झाला शॉर्ट. मोटरमध्ये मी हाच दोष सिरीज लॅम्प लावून शोधतो. इथे चांगला मॉड, म्हणजे टँक ज्यावर बसतो तो बॅटरीचा डबा, स्क्रीनवर सांगतो आणि करंट देत नाही.

चौथं, हवेचं भोक कॉइलच्या बरोबर खाली आहे का, आणि कापसाची शेपटं जिथे जातात त्या खोबणी रुंद आहेत का. अरुंद खोबणीत कापसाचा अंदाज चुकायला वावच नसतो.

हवा खालून घेणारे टँक आणि वरून घेणारे टँक असे दोन प्रकार. खालून हवा आली की चव जास्त लागते, असं भाचा म्हणतो. पण कापूस कमी पडला की त्याच भोकातून लिक्विड खिशात. वरून हवा घेणारा टँक गळत नाही जवळजवळ. गीकव्हेपचा झ्यूस त्या जातीतला, पण तो मोठ्या झुरक्यांचा. एमटीएलमध्ये डिजिफ्लेव्हरचा सायरन २ आणि व्हँडी व्हेपचा बर्सर्कर ही नावं ऐकाल. मॉडेलं बदलत राहतात, त्यामुळे नाव पाठ करण्यापेक्षा वरच्या चार गोष्टी लक्षात ठेवा. कायफन नावाचा महागडा टँक पहिल्यांदा घेऊ नका. त्याची नक्कल तर नकोच.

तार. इथे माझ्यासारख्या वाइंडिंगवाल्याची पक्की गफलत होऊ शकते. आपल्याकडे २८ गेज म्हटलं की एसडब्ल्यूजी, ब्रिटिश गेज, म्हणजे ०.३७६ मिमी. तिकडच्या रिळावर २८ लिहिलं असतं ते एडब्ल्यूजी, अमेरिकन गेज, ०.३२१ मिमी. आकडा एकच, पण कांथल ए-१ या तापवायच्या मिश्रधातूच्या तारेत त्या पातळ तारेला मीटरला १८ ओहम पडतात आणि आपल्या जाडीला १३. हिशेब कोलमडतो. तेव्हा गेज सोडा आणि मिलिमीटर वाचा. सुरुवातीला कांथल ए-१, ०.३२ मिमी, २.५ मिमीच्या दांड्यावर सहा वेढे: टोकं धरून १.१ ओहमच्या आसपास येतं. निक्रोम ८० ही निकेल-क्रोमची तार लवकर तापते, पण त्याच वेढ्यांत ओहम कमी येतात. स्टेनलेसची तार हात बसल्यावर. आणि गावाकडून कोणी सिगडीच्या स्प्रिंगची तार किंवा आमच्या दुकानातली इनॅमलची तांब्याची तार पाठवू म्हणालं तर नको म्हणा. तांब्याला ओहमच नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि इनॅमलचा धूर छातीत घ्यायची वस्तू नव्हे.

कॉइल बसली की कमी वॅटवर, कापूस न घालता, क्षणभर बटण दाबून सोडा. मधून लाल होऊन कडेला पसरली पाहिजे. एकच वेढा आधी पेटत असेल तर बटण सोडून सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे जवळ दाबा. नंतर स्क्रू पुन्हा एकदा आवळा. पहिल्या तापण्यात ते किंचित सैल होतात आणि ओहम वरखाली व्हायला लागतात. हे ओहम साध्या मल्टिमीटरवर मोजणार असाल तर आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. वायरींचेच ०.२-०.३ ओहम दाखवतो. ते वजा करा. फ्रिजच्या वाइंडिंगला एवढ्याने काही बिघडत नाही, पण एक ओहमच्या कॉइलमध्ये तो चौथा हिस्सा आहे.

बॅटरीबद्दल माझा हट्ट आहे. मॉड रेग्युलेटेडच घ्यायचा, म्हणजे आत करंट सांभाळणारं सर्किट असलेला. मेकॅनिकल मॉड म्हणजे पाइपात सेल आणि एक बटण. मधे कुठलंही संरक्षण नाही. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. १ ओहमला ४.२ अँपिअर जातील, ०.२ ओहमला २१. ते सोसायची ताकद प्रत्येक १८६५० सेलमध्ये (मॉडमध्ये बसणारा गोल सेल) नसते, आणि वरचं प्लास्टिक बदलून फुगवलेले आकडे छापलेले सेल बाजारात खूप. प्लास्टिक कुठे फाटलं असेल तर सेल वापरू नका: त्याचा अख्खा डबा मायनस असतो आणि प्लसची टोपी त्याच्यापासून केसभर अंतरावर. सुटा सेल खिशात, चिल्लर आणि किल्ल्यांबरोबर, कधीच ठेवू नका. दोन पौंडांचा प्लास्टिकचा डबा मिळतो, तो घ्या.

कापसात बहुतेकांचं गाडं अडतं. पट्टी कॉइलमधून ओढताना किंचित अडकली पाहिजे, पण तार हलता कामा नये. मग दोन्ही शेपटं डेकच्या कडेशी कापायची, आणि टोकाकडचा थोडा कापूस चिमट्याने विंचरून काढून टाकायचा. भाचा हे करत नव्हता. सगळा कापूस खोबणीत कोंबत होता, आणि दर तिसऱ्या झुरक्याला जळका वास. वातीच्या स्टोव्हला वात जास्त ठासली की रॉकेल वर चढत नाही, तेच इथे. खोबण झाकली जावी, पण बुजू नये. मग वरून लिक्विडने कापूस पूर्ण भिजवा, टाकी भरा, आणि पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या. इथे घाई करणाऱ्याचा कापूस पहिल्या दाबातच करपतो आणि तो वास नवीन कापसाशिवाय जात नाही. कापूस ब्लीच न केलेला, याच कामासाठी विकला जाणारा घ्या.

लिक्विडचं थोडक्यात. एमटीएलला पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) अर्धे-अर्धे असलेलं. ७० टक्के व्हीजीचं घट्ट लिक्विड बारीक खोबणीतून वेळेवर पोचत नाही. तिथे निकोटीन मिलीला २० मिलिग्रॅमच्या वर मिळत नाही आणि बाटली १० मिलीची. ती बाटली लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. निकोटीन पोटात गेलं तर विष आहे. आणि टाकीत अत्तर, निलगिरी, कुठलंही तेल टाकायचं नाही. तेल फुफ्फुसात जाऊन बसतं.

टाकी २ मिलीचीच असल्यामुळे दिवसातून दोन-तीनदा भरावी लागते, म्हणून वरून भरता येणारी घ्या. टँकचा व्यास मॉडच्या डोक्यापेक्षा मोठा नको. एमटीएलचे बरेचसे २२ किंवा २४ मिमीचे असतात. खालचं मॉडवर फिरवून बसवायचं ५१० थ्रेडचं तोंड बहुतेक सगळ्या मॉडना बसतं.

दिवाळीला घरी येताना हे सगळं तिकडेच ठेवून या. विमानतळावर "माझ्या वापराचं आहे" म्हणून वाद घालायला जागा नाही.

दुकानात गेल्यावर काउंटरवाल्याला टँक उघडून डेक दाखवायला सांगा, स्वतःच्या हाताने दोन्ही स्क्रू पूर्ण सैल करून परत आवळून बघा, टोपी चढवा-उतरवा, थ्रेड खरखरतो का ते पाहा. डबा सीलबंद आहे, उघडता येणार नाही, असं म्हणाला तर शोकेसमधला नमुना मागा. तोही देत नसेल तर पुढचं दुकान.