दोघांपैकी एक झोपलेला असतो: लांबच्या समुद्रसफरीसाठी शिडाची बोट निवडताना

बोट बघायला गेलं की एजंट सगळ्यात आधी मागची केबिन दाखवतो. ऐसपैस डबल बेड, डोक्यावर खिडकी, पिवळे दिवे, आणि आपण दोघं एकमेकांकडे बघतो की हो, हीच. आमचंही तेच झालं होतं. साउथहॅम्प्टनच्या आसपास दोन वर्षं शनिवार-रविवार बोटी बघत हिंडलो आणि त्यातलं पहिलं वर्ष नुसत्या केबिनी बघण्यात गेलं. मग ३६ फुटी एक जुनी बोट घेतली, तिच्यातूनच कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला गेलो, आणि आता मराठी ओळखीतली जोडपी विचारायला लागलीत की कुठली घेऊ, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

पहिली गोष्ट, जी आम्हाला कुणी धड सांगितलीच नाही. बोटीवर माणसं दोन असली तरी समुद्रात एका वेळी जागं एकच असतं. तीन तास नवरा, तीन तास मी, असं रात्रंदिवस चालतं. म्हणजे रात्री दोन वाजता वारा वाढला की शीड लहान करायला जो जागा आहे तो एकटाच असतो, आणि दर वेळी दुसऱ्याला उठवत बसलात तर चौथ्या दिवशी दोघंही थकून चुका करायला लागतात. तेव्हा बोट निवडायची ती दोघांपैकी ज्याची ताकद किंवा अनुभव कमी आहे त्याला एकट्याला झेपेल अशी. आमच्यात ती मी होते, त्यामुळे पसंती शेवटी माझ्या हातांनी ठरवली.

आता साइज. लोक म्हणतात मोठी बोट जास्त सुरक्षित, जास्त वेगवान, आणि ते खोटं नाहीये. बोटीचा पाण्याला टेकलेला भाग जितका लांब तितका तिचा कमाल वेग जास्त, त्या लांबीचं फुटातलं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणा, नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल यात, उत्तर येतं. २८ फुटांना साधारण ७ नॉट, ४० फुटांना साडेआठच्या जवळ. पण प्रत्यक्षात दोघं जण बोटीला तसं पळवत नाहीत, आमची सरासरी दिवसाला १३० सागरी मैल पडली. कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास ते कॅरिबियनमधलं सेंट लुशिया २७०० मैलांच्या आसपास आहे, म्हणजे तीन आठवडे. मोठ्या बोटीने तीन-चार दिवस वाचले असते. त्या बदल्यात प्रत्येक शीड मोठं, प्रत्येक दोरीवरचा ताण मोठा, नांगर जड, मरीनाचं, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्याचं, भाडं जास्त, आणि विंचची, म्हणजे दोऱ्या ओढणाऱ्या फिरकीची, मोटर बिघडली की हाताने ओढायला आपण दोघंच.

एरिक आणि सुझन हिस्कॉक या इंग्रज जोडप्याने १९५२ ते ५५ मध्ये ३० फुटी बोटीतून जगाला फेरी मारली. पुढे त्यांनी ४९ फुटी पोलादी बोट बांधून घेतली, तिच्यातूनही खूप फिरले, पण शेवटी ती विकून पुन्हा लहान बोट घेतली. लिन आणि लॅरी पार्डी तर २४ फुटांच्या, इंजिनच नसलेल्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. इतकं लहान मला स्वतःला नको, पण मोठ्यावरून लहानावर येणारी माणसं का येतात याचा विचार जरूर करा.

यावर कुणी म्हणेल की आपल्या तारिणीचं काय? ५६ फुटी, गोव्यात बांधलेली, आणि २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिच्यातून जग फिरून आल्या. मला त्या दोघींबद्दल प्रचंड आदर आहे. पण त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचं प्रशिक्षण होतं, बंदराबंदरात दुरुस्तीची सोय होती. नोकरी सोडून निघालेल्या जोडप्याने त्यावरून आपला साइज ठरवू नये. माझ्या मते ३४ ते ४० फूट, त्यापुढे जायचं असेल तर सबळ कारण हवं.

शिडांचं बघताना मेन सेलचं, म्हणजे मुख्य शिडाचं, क्षेत्रफळ विचारा. आमचं ३० चौरस मीटरच्या जवळपास आहे, ते मला एकटीला आवरतं. पुढचं शीड गुंडाळता येणारं हवंच. कटर असेल, म्हणजे पुढे दोन शिडं, तर लांबच्या प्रवासात फार बरं, वारा वाढला की मोठं गुंडाळायचं आणि लहान ठेवायचं. रीफ घालायच्या, म्हणजे शीड लहान करायच्या, दोऱ्या कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेपर्यंत, आणलेल्या असतील तर रात्री डेकवर पुढे जावं लागत नाही, आणि पुढे जायला न लागणं हाच पडण्यावरचा सगळ्यात चांगला उपाय.

सुकाणूवर तासन्‌तास कुणी बसत नाही. इलेक्ट्रिक ऑटोपायलट सगळीकडे असतो, पण तो बॅटरी खातो आणि नेमका नको तेव्हा बंद पडतो. मागे लावायचं वाऱ्यावर चालणारं विंडव्हेन घ्या. त्याला वीज लागत नाही, वारा बदलला की बोट वाऱ्याबरोबर वळते आणि आपण फक्त दिशा तपासायची. बोट बघतानाच विचारा की हिच्या मागच्या बाजूला ते बसेल का, कारण पोहायला उतरायची फळी असलेल्या नव्या बोटींवर ते बसवणं किचकट होतं. आमच्या एकवीस दिवसांतले जवळजवळ सगळे दिवस त्यानेच बोट चालवली.

कील, म्हणजे बोटीच्या तळाचं जड पातं, आणि रडर, म्हणजे बोट वळवणारं पाण्याखालचं पातं, इथे मात्र तडजोड नको. बोल्टांनी जोडलेलं कील वाईटच असं नाही, बहुतेक बोटींना तसंच असतं, पण त्या बोटीचं कील कधी खडकावर आपटलंय का आणि आपटल्यावर आतलं काम कुणी, कसं केलं, हे कागदावर बघायला मागा. २०१४ मध्ये चीकी राफिकी नावाच्या बोटीचं कील भर अटलांटिकमध्ये निघालं आणि चौघं गेले. लांब कीलच्या जुन्या बोटी मरीनात मागे घेताना हट्टी असतात, पण समुद्रात सरळ चालतात आणि वादळात हीव्ह-टू करून, म्हणजे शीड आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध बांधून, शांत उभ्या राहतात. रडरच्या पुढे स्केगचा, म्हणजे तळाला पक्क्या बसवलेल्या पात्याचा, आधार असेल तर मला रात्री झोप लागते. स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर २०२० पासून ओर्का, म्हणजे किलर व्हेल, रडरला धडका देतायत, तेव्हा तिथून जाणाऱ्यांनी तर हे नक्कीच बघावं.

एक छोटं गणितही करा. बोटीचं वजन पाउंडात घ्या, ६४ ने भागा, त्याचं घनमूळ काढा आणि बोटीच्या फुटातल्या रुंदीला त्याने भागा. उत्तर २ पेक्षा कमी आलं तर खुल्या समुद्राला बरी. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ खलाशी गेले त्यानंतर हे सूत्र आलं. यावरून सगळं कळत नाही, पण रुंद आणि हलक्या बोटी लगेच वेगळ्या पडतात. कॅटामरान यात धरू नका, त्यांचं गणितच वेगळं, त्या कलत नाहीत पण उलटल्या तर उलट्याच राहतात.

आता ती मागची केबिन. बंदरात ती मस्त. लाटांमध्ये मागचा भाग वरखाली आपटतो आणि डबल बेडवर माणूस इकडून तिकडे लोळत राहतो. झोपायला बोटीच्या मध्यावर अरुंद बाक लागतो, बाजूला कापडाची आड लावलेला, आणि एक जण जागा असल्यामुळे तसा एकच पुरतो. ओटा यू आकाराचा बघा, कमरेला पट्टा बांधून उभं राहता आलं पाहिजे आणि शेगडी लाटेबरोबर झुलली पाहिजे. प्रेशर कुकर न्याच, झाकण बंद असल्याने खिचडी सांडत नाही आणि गॅस वाचतो. पण गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचं भोक बाहेर समुद्राकडे उघडतंय ना हे स्वतः वाकून बघा. पाण्याची टाकी ४०० लिटरच्या आसपास, आणि एकाच्या ऐवजी दोन टाक्या, म्हणजे एकीचं पाणी खराब झालं तरी दुसरी उरते.

नांगराची साखळी १० मिलिमीटरची असेल तर मीटरला सव्वादोन किलोच्या वर वजन, ६० मीटर म्हणजे जवळपास १४० किलो. ते हाताने ओढणार कोण? विंडलास, म्हणजे साखळी ओढणारं यंत्र, चालवून बघा, नुसता दाखवला म्हणून समाधान मानू नका.

पैशांचं थोडक्यात. सगळं बजेट बोटीवर घालू नका, निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीला ठेवा. सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून तपासणी, बोट पाण्याबाहेर काढूनच, आणि सर्व्हेअर एजंटने सुचवलेला नको, आपण शोधलेला. आम्ही एका बोटीत हे चुकवलं, रिपोर्ट छान आला, मग दुसऱ्या माणसाने सागवानी डेकवर हातोडीने ठोकून दाखवलं तर अर्धं डेक खालून कुजलेलं निघालं. ती बोट सोडताना मी रडले होते. मास्टला, म्हणजे डोलकाठीला, धरणाऱ्या तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

आणि शेवटची परीक्षा पाण्यावर. वारा वीस नॉटच्या आसपास असेल असा दिवस मागून घ्या. नवऱ्याला खाली बसवा, काही बोलायचं नाही, आणि तुम्ही एकटीने रीफ घाला, बोट हीव्ह-टू करा. मग उलट. त्यानंतर पाण्यात पडलेल्या माणसाचा प्रश्न. माझा नवरा ८० किलोचा, ओल्या कपड्यांत त्याहून जड, आणि बोटीची कड पाण्यापासून मीटरभर उंच. त्याला मी वर कसा घेणार, कुठल्या दोरीने, कुठल्या विंचवर? बंदरात, शांत पाण्यात, खरोखर करून बघा. दोन बोटींवर मला जमलं नाही आणि त्या आम्ही तिथेच सोडल्या. तिसऱ्या बोटीवर मी मास्टची दोरी त्याच्या हार्नेसला लावली आणि विंच फिरवत राहिले, बारा मिनिटं लागली, हात थरथरत होते, पण तो वर आला. घरी जाताना गाडीतूनच ऑफर पाठवली.