पित्ताच्या नावाने खडे फोडताय? आधी या चुका टाळा

रात्री दोन वाजता छातीच्या मधोमध जळजळ होऊन जाग येते, घशाशी आंबट येतं आणि सकाळी घरात चौकशी सुरू होते, "काल काय खाल्लंस?" पहिली चूक इथेच होते. विचारायला हवं ते वेगळंच: जेवलास किती वाजता, आणि जेवल्यावर किती वेळाने आडवा झालास?

"पित्त वाढलंय" असं आपण म्हणतो खरं, पण बऱ्याच जणांच्या पोटात आम्ल जास्त झालेलं नसतं, ते नको तिथे चढलेलं असतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक वळं असतं. घास खाली गेला की ते आवळतं. तंबाखू, दारू, तेलकट जेवण, चॉकलेट, इतकंच काय पुदिन्यानेही ते सैलावतं. अॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही कधीकधी तसंच होतं (म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा). त्यात पोट सुटलेलं, पट्टा नाहीतर परकराची नाडी करकचून बांधलेली, की खालूनही दाब येतो. जठराला आम्लापासून वाचवणारं जाड अस्तर असतं. अन्ननलिकेला तसं नाही, म्हणून ती भाजते.

उपवासाचंच बघा. दिवसभर रिकाम्या पोटी चार कप चहा, मग रात्री साडेनऊला दाण्याचं कूट आणि तुपाने माखलेली साबुदाण्याची खिचडी, वर दोन वडे, आणि दहाला अंथरुणात. दोष मात्र साबुदाण्याला. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. ते जमतच नसेल तर रात्रीचं जेवण निम्मं करा.

उशांची चूक आमच्या घरातली. बाबा तीन उशांवर डोकं ठेवून झोपायचे. त्याने अंग कमरेत वाकतं, पोट दाबलं जातं आणि जळजळ उलट वाढते. शेवटी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या, साधारण ६ इंच उंची झाली. पहिल्या रात्री आई घसरत पायथ्याशी पोचली, ते सोडा. बाबांना झोप लागली. डाव्या कुशीवर झोपल्यानेही फरक पडतो.

थंड दुधाने क्षणभर बरं वाटतं, मग त्यातल्या प्रथिनांमुळे आणि कॅल्शियममुळे आम्ल पुन्हा सुटतं. फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम असतं, रक्तदाब असणाऱ्यांनी जपून. पँटोप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी गोळी जळजळ सुरू झाल्यावर घेऊन लगेच उपयोग होत नाही. ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. आणि दुकानातून पट्ट्याच्या पट्ट्या आणून महिनोन्‌महिने गिळत राहणं नको. मग ती एकदम सोडली की आम्ल उसळून येतं आणि वाटतं, गोळीशिवाय आपलं चालणारच नाही.

घास अडकतोय, वजन उतरतंय, शौचाला डांबरासारखी काळी होतेय किंवा उलटीत रक्त दिसतंय, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जा. आणि छातीत दडपण येऊन घाम फुटला, कळ जबड्यात किंवा हातात गेली, जिना चढताना दम लागला, तर "गॅस असेल" म्हणत ओवा चावत बसू नका, तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेह असेल तर त्रास याहून सौम्यही वाटू शकतो. लगेच १०८ ला फोन लावा.